शोध चालू आहे, कृपया थांबा

दर शनिवारी दुपारी चारच्या सुमारास विश्राम तावडे कॉम्प्युटरवरचं 'शोधा' हे बटण दाबत आणि पडद्यावर एक निळं चक्र फिरायला लागे. चक्राखाली अक्षरं उमटत, 'शोध चालू आहे, कृपया थांबा.' तावड्यांना उभ्या आयुष्यात कुणी एवढ्या अदबीनं थांबायला सांगितलं नव्हतं. त्यामुळे ते थांबत. टेबलापलीकडे बसलेल्या हेमा मॅडमही थांबत. खिडकीबाहेरच्या सोनमोहराची एखादी पिवळी पाकळी गजातून आत येऊन कीबोर्डवर पडे, तीही तिथेच थांबे.

ठाण्याच्या कोपरीतलं हे 'शुभयोग वधूवर सूचक केंद्र' त्र्यंबककाकांचं. काकांनी कॉम्प्युटरवरचा सगळा कारभार फार वर्षांपूर्वी एका होतकरू मुलाकडून करून घेतला होता. पुढे मुलगा परदेशी गेला, त्याचं लग्नही काकांनीच जुळवलं. सॉफ्टवेअर मात्र होतं तिथेच राहिलं. स्थळं वाढत गेली तशी मशीनची दमछाक वाढत गेली. बटण दाबल्यापासून उत्तर येईपर्यंत कोपऱ्यावरून चहा मागवावा, तो यावा, निवावा आणि पिऊन व्हावा, एवढा निवांत कारभार होता.

त्या चहावर तावड्यांचा आठवडा उभा होता. लोकांच्या पत्रिका जुळवता जुळवता त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. "माझ्या नजरेतून एकही स्थळ सुटत नाही," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, पण समोरच्याच खुर्चीत बसलेला कारकून त्यांना कधी दिसला नाही. केंद्रात येणाऱ्या तमाम बायकांना तावडे 'ताई' म्हणत. फक्त एकीला 'मॅडम' म्हणत, आणि ते का, हे त्यांनी स्वतःलासुद्धा कधी विचारलं नव्हतं.

हेमा मॅडम डोंबिवलीहून येत. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, बँकेतून रिटायरमेंट घेतलेली, आणि मुलगा सर्वेश लग्नाचा. त्याच्यासाठी स्थळ शोधायला त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा चक्र फिरत होतं आणि बोलायला काहीच नव्हतं. म्हणून तावडे सहज म्हणाले, "येईल आता. ठाण्याचीच निघेल बघा. माजिवड्याला वगैरे राहत असेल."

"नाव काय असेल?" मॅडमनी तितक्याच सहज विचारलं.

"समृद्धी," तावडे म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

त्या दिवशी मशीननं शेवटी 'एकही स्थळ आढळले नाही' असं कळवलं. पण समृद्धी राहिली ती राहिलीच. पुढच्या शनिवारी चक्र फिरायला लागल्याबरोबर मॅडम म्हणाल्या, "आज काय करत असेल हो समृद्धी?"

"शनिवार आहे. केस धुतले असतील."

"आणि सर्वेश?"

"झोपला असेल."

"अगदी बापावर गेलाय," मॅडम समाधानानं म्हणाल्या.

असं करता करता समृद्धीनं दोन नोकऱ्या बदलल्या. ती माजिवड्याच्या पुलाखाली स्कूटर शिकली, एकदा पडली, गुडघा खरचटला. तेव्हा दोघंही चहा संपेपर्यंत गप्प बसले होते. तिला कारलं अजिबात चालत नसे. सासूशी तिचं एकदाच वाजलं, तेही मॅडमनी उगाच पडदे बदलायला काढले म्हणून. तावड्यांनी मध्यस्थी करून समृद्धीची बाजू घेतली आणि मॅडमनी ती मान्यही केली.

अधूनमधून मॅडम एखादी नवी अट घालत.

"तावडे, आज अजून एक टाका. मुलीला कुत्र्याची भीती नको."

"तुमच्याकडे कुत्रा आहे?"

"नाही. पण उद्या घेतला तर?"

तावडे अट टाकत, बटण दाबत आणि चक्र मागच्या शनिवारपेक्षाही सावकाश फिरू लागे. मुलाची आई म्हटली की अपेक्षा वाढतच जायच्या, असं त्यांना वाटे. या कामात त्यांचे केस पिकले होते, त्यामुळे अपेक्षांचं त्यांना नवल राहिलं नव्हतं.

पण कुणाचं तरी बरं चाललंय म्हटलं की कुठून तरी सुधारणा येतेच. डोंबिवलीतलं एक जुनं वधूवर मंडळ बंद झालं आणि त्यांच्याकडची सगळी स्थळं शुभयोगकडे द्यायचं ठरलं. शिवाय पुढच्या आठवड्यातल्या रविवारी टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये केंद्राचा मेळावा होता. त्र्यंबककाकांनी मशीनकडे रोखून पाहिलं.

"विश्राम, हे यंत्र आहे की यज्ञकुंड? मघापासून बघतो आहे, नुसता धूर! आहेत त्या स्थळांनीच याचा जीव मेटाकुटीला आलाय. त्यात डोंबिवलीची भर पडल्यावर हे काय करील? तुझी ती भाची काय करते म्हणाला होतास?"

तावड्यांनी जीभ चावली. दिवाळीच्या फराळाला त्यांनीच फुशारकी मारली होती, की आमची संचिता मोठमोठ्या कंपन्यांची अडलेली मशीनं पळवते. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला एवढा फराळ पुरतो.

संचिता आली, तिनं केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि हसायलाच लागली. "मामा, ह्याला इंडेक्सच नाहीये! एकदम सिंपल आहे. समजा, तुम्हाला एक मुलगी शोधायचीय. तुमचं मशीन काय करतं, अख्ख्या ठाण्यातलं एकेक दार वाजवत सुटतं, बाई, इथे मुलगी आहे का? म्हणून वेळ लागतो. इंडेक्स टाकला की हातात पत्ता असल्यासारखं, डायरेक्ट त्याच दारात!"

"पण दारं वाजवत गेलं तर चार माणसं भेटतात ना वाटेत," तावडे म्हणाले.

"मामा, कॉम्प्युटरला कशाला भेटायचंय कुणाला?"

तासाभरात तिचं काम झालं. जाता जाता तिनं आणखी एक सोय करून दिली. नवीन स्थळ नोंदलं, की ज्या ज्या घरांशी जुळतं त्या सगळ्यांना आपोआप व्हॉट्सअॅप जाईल. "आणि डोंबिवलीची एक्सेल शीट तुम्हीच इंपोर्ट करा. एकदाच करायची हां! आणि आधी बघून घ्या, कॉलम आपल्यासारखेच ओळीनं आहेत ना." तावड्यांनी मान हलवली. त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. शनिवार दोन दिवसांवर आला होता.

शनिवारी हेमा मॅडम आल्या, पदरानं वारा घेत बसल्या. "आज अट नाही काही, तशीच दाबा," म्हणाल्या. तावड्यांनी बटण दाबलं आणि सवयीनं चहावाल्याला हाक मारायला तोंड उघडलं. ते मिटायच्या आत पडद्यावर उत्तर हजर होतं. शिवानी. राहणार ठाणे. शिक्षण, उंची, पत्रिका, सगळं तंतोतंत. कुत्र्याला भीत नाही, हेसुद्धा.

दोघंही पडद्याकडे बघत राहिले. फोटोतली शिवानी छान हसत होती. तिचा बिचारीचा काहीच दोष नव्हता.

"झालं की हो," मॅडम हळूच म्हणाल्या.

"झालं," तावडे म्हणाले.

"मग... निघते मी. हिच्या घरी फोन करायला हवा." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. काहीतरी बोलणार होत्या, पण नुसतंच मशीनकडे बघितलं आणि गेल्या. चहावाला नेहमीप्रमाणे दोन ग्लास ठेवून गेला. तावड्यांनी दोन्ही प्यायले. समृद्धीला कुणीतरी घराबाहेर काढलंय आणि आपण नुसते बघत बसलोय, असं त्यांना वाटत राहिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी संचिताला फोन लावला. "काय गं, मशीन परत स्लो करायचं असेल तर?"

"मामा, बरं आहे ना तुम्हाला? लोक फास्ट करायला माझ्या मागे लागतात!"

"तसं नाही गं. नॉलेज म्हणून विचारतोय. जनरली कशानं स्लो होतं?"

"खूप कशानं. डेटा वाढतो, तोच तोच डेटा परत परत चढवतात लोक, मग..." पुढे ती बरंच बोलली. तावड्यांनी हवं तेवढं ऐकलं होतं.

पुढच्या गुरुवारी काका मेळाव्याच्या गडबडीत बाहेर गेलेले पाहून तावड्यांनी डोंबिवलीची फाईल उघडली आणि चढवली. मग 'शोधा' दाबलं. उत्तर क्षणात आलं. फाईल पुन्हा चढवली. पुन्हा क्षणात. तावडे स्वभावानं गरीब, पण एकदा हट्टाला पेटले की कोकणी माणूस. ते फाईल चढवत राहिले. मशीन मुकाट्यानं सगळं गिळत होतं आणि ढेकरसुद्धा देत नव्हतं. खिडकीबाहेर ऊन सोनमोहरावर रेंगाळलं होतं, आणि तावड्यांच्या डोळ्यांपुढे ते निळं चक्र आपलं फिरतंय, फिरतंय. कॉलम ओळीनं आहेत का हे बघायचं राहिलं, ते असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजायला लागले.

पहिला एका मुलीच्या वडिलांचा. "तावडे, तुम्ही मुलगा पाठवलात, चांगला दिसतोय. पण नोकरीच्या जागी 'गृहकृत्यदक्ष' लिहिलंय. पगार किती मिळतो त्यात?"

दुसरा कल्याणहून देवरामांचा. "आमची मेघना ऑफिसात क्लार्क आहे. तुमच्या कागदात ते राहिलं बाजूला, तिला नवराच क्लार्क पाहिजे असं आलंय! आणि तिची नोकरी म्हणून काय लिहिलंय, वाचू? 'सासू-सासरे समजूतदार हवेत.' हे तिच्या साहेबांनी वाचलं तर त्यांनी काय समजायचं?"

तिसऱ्या फोनवर एका मुलाची आई होती, आणि तिचा आवाज एकदम खालच्या पट्टीत गेला होता. "भाऊ, खरं सांगा. त्या एकाच मुलीचा बायोडाटा आम्हाला सकाळपासून येतोच आहे, येतोच आहे. एवढी घाई कसली आहे त्यांना? काही भानगड तर नाही ना?"

दुपारपर्यंत फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. मग काका आले. त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवरही फोन येत होते. त्यांनी पडद्यावर वाचलं, 'नोकरी: डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट असावा. अपेक्षा: शाळेत शिक्षिका.' चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. पुढची ओळ तीच होती, त्यापुढचीही तीच.

"विश्राम! उद्या दिवस गेला की परवा मेळावा आहे! शेकडो माणसं हॉलमध्ये येऊन बसतील, त्यांच्या हातात मी हे देऊ? बोलव तुझ्या त्या भाचीला!"

संचिता सासरी देवगडला गेली होती. तिथे डोंगराआड फोन लागत नव्हता. तावडे रात्र, सकाळ, दुपार फोन लावत राहिले. काका येरझारा घालत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडून सगळीच्या सगळी स्थळं एकदम सुटली होती. मेळाव्याची लाज तावड्यांनाही वाटत होती, नाही असं नाही. पण खरं दुःख वेगळंच होतं. आज शनिवार होता, आणि त्याला आता काही अर्थ उरला नव्हता.

चार वाजता दारात हेमा मॅडम उभ्या होत्या.

"मॅडम? तुम्ही?" तावडे खुर्चीतून उठले. "शिवानीच्या घरी काही..."

"ते सांगते नंतर. एक अट टाकायची राहिली होती," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. "मुलीला पोहता यायला पाहिजे." मग त्यांनी काकांचा चेहरा बघितला, वाजणारा फोन बघितला आणि टेबलाला वळसा घालून त्या पडद्यासमोर आल्या. त्यांनी एकच ओळ वाचली.

"हे डोंबिवलीच्या मंडळाचं आहे ना? त्यांच्या फॉर्मवर अपेक्षा आधी असते, नोकरी नंतर. तुमच्याकडे उलटं. उठा जरा."

"तुम्हाला यातलं कळतं?" काकांनी विचारलं.

"बँकेत काउंटरवर नव्हते मी. कॉम्प्युटर सेक्शनला होते," मॅडम म्हणाल्या आणि पदर खोचून तावड्यांच्या खुर्चीत बसल्या.

त्यांची बोटं कीबोर्डवर अशी चालायला लागली की बघत राहावं. बटण नाही, चक्र नाही; काळा पडदा उघडून त्या सरळ मशीनशीच बोलत होत्या. नोकरी अपेक्षेच्या जागेवरून उठून आपल्या जागी गेली, अपेक्षा तिच्या जागी. एकेका मुलीच्या फाजील नकला गळून पडल्या. 'गृहकृत्यदक्ष' तरुणाला बँकेत नोकरी मिळाली. काकांनी हात जोडले आणि गैरसमज दूर करायला फोन घेऊन आतल्या खोलीत गेले.

बाहेर दोघंच उरले. मॅडम टाइप करता करता थांबल्या. "तावडे, एवढ्या वेळा कशाला चढवलीत हो फाईल?"

तावड्यांनी सोनमोहराकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. कुठूनच मदत येईना. "स्लो व्हावं म्हणून," ते म्हणाले.

कीबोर्डवर पडलेली पाकळी मॅडमनी हलकेच उचलून टेबलावर ठेवली.

"अशानं नाही होत," मग त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या. "इंडेक्स टाकलाय ना आता. अटी वाढवायच्या असतात. इंडेक्स नव्हता तेव्हा एकेका अटीनं केवढा फरक पडायचा. कुत्र्याच्या अटीनं तर चहा गार झाला तरी उत्तर आलं नव्हतं."

तावड्यांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांना इंडेक्स नव्हता. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मशीनमध्ये काय बिघडलंय ते?"

"पहिल्याच दिवशी कळलं. दहा मिनिटांचं काम होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही समृद्धी म्हणालात ना," मॅडम म्हणाल्या. "मग कशाला बोलू?"

आत काका कुणाला तरी मोठ्यानं समजावत होते की मुलीला अजिबात घाई नाही. तावड्यांनी धीर गोळा केला. "पण सर्वेशचं काय? शिवानी?"

"सर्वेशचं पाडव्यालाच ठरलंय. त्याच्या ऑफिसातली मुलगी आहे. शिवानीला मी माझ्या बहिणीच्या सुशांतसाठी दाखवलीय." मॅडमचे कान लाल झाले होते. "आणि अहो, ते डोंबिवलीचं मंडळ आमच्याच बिल्डिंगखाली होतं. स्थळासाठी कुणी कोपरीपर्यंत येतं का?"

काका बाहेर आले तेव्हा मशीन लख्ख झालं होतं. त्यांनी आनंदानं सांगितलं, "मॅडम, तुमच्या सर्वेशचं मी स्वतः जुळवीन! माझ्या नजरेतून स्थळ सुटत नाही. विश्राम, अरे असा उभा काय? मॅडमना स्टेशनपर्यंत सोडून ये."

दोघं स्टेशनच्या पुलावर चढले. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मचा जिना आला, तो तसाच गेला. पलीकडे उतरून ते तलावपाळीला आले आणि बाकावर बसले. दिवे लागत होते. पाण्यात पायडलच्या होड्या गोल गोल फिरत होत्या आणि कुणालाच काठाला लागायची घाई दिसत नव्हती. तावड्यांचा फोन वाजला. संचिताला डोंगरावर रेंज मिळाली होती.

"मामा, तेवीस मिस्ड कॉल! काय झालं? सर्च परत स्लो झाला का?"

तावड्यांनी शेजारी पाहिलं. मॅडम होड्या बघत होत्या. "हो गं," ते म्हणाले, "एकदम मस्त स्लो झालाय. तू हात लावू नको." आणि फोन ठेवला.

हेमा मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "समृद्धीला आपल्या दोघांचं सांगावं लागेल."

"लागेल," तावडे म्हणाले. "काय म्हणेल हो ती?"

"काही नाही म्हणायची. समजूतदार आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त त्या दिवशीच्या जेवणात कारलं ठेवू नका."